विश्लेषण : २० मीटरचा अँटेना सहा मीटरच्या पाइपात कसा बसतो?

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. भिंतीला भिंत लागून घरे आणि वर सामायिक गच्ची. इथल्या परवानाधारक हौशी रेडिओचालकाला, म्हणजे ‘हॅम’ला, ८० मीटर बँडवर बोलायचे असेल तर पहिली अडचण जागेची. साडेतीन मेगाहर्ट्झच्या या बँडवर पाव तरंगलांबीचा उभा अँटेना २० मीटर उंच लागतो. गच्चीवर फार तर सहा मीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा राहतो.

कॉइल काय करते?

आखूड पाइप कपॅसिटरसारखा वागतो आणि ट्रान्समीटरची शक्ती परत ढकलतो. तांब्याच्या तारेची कॉइल हा परिणाम खोडून काढते. सहा मीटरच्या पाइपाला बुडाशी सुमारे ३० मायक्रोहेन्रीची कॉइल पुरते. अँटेना सुरात येतो, पण लांब होत नाही. गोम इथेच आहे.

शक्ती जाते कुठे?

अशा पाइपाचा प्रारण-रोध जेमतेम दोन ओहम. कॉइलचा तोटा साडेतीन आणि गच्चीवर पसरलेल्या तारांचा दहा ओहम धरला, तर १०० वॉटपैकी १३-१४ वॉटच हवेत जातात. बाकीची उष्णता होते. जुळवणी नीट असेल तर एसडब्ल्यूआर मीटर मात्र उत्तम आकडा दाखवतो. त्यावर विसंबणे फसवे.

म्हणून जाणकार टोकाला आडव्या तारांची ‘टोपी’ बसवतात. पाइपभर प्रवाह जवळपास सारखा राहिला तर प्रारण-रोध चारपटीपर्यंत वाढतो. शिवाय कॉइल लहान लागते. महागड्या कॉइलआधी टोपी आणि गच्चीवरच्या जास्त तारा, हा खर्चाचा शहाणा क्रम.

धोका आहे का?

आहे. १०० वॉटला त्या कॉइलच्या वरच्या टोकाशी १,८०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. ज्या गच्चीवर कपडे वाळतात आणि मुले पतंग उडवतात, तिथे कॉइल हात पोहोचणार नाही अशी झाकायलाच हवी.

आपत्तीत उपयोग?

इथे अनेकांची गल्लत होते. उभा अँटेना सरळ वर फारसे काही पाठवत नाही. त्याच्या लहरी क्षितिजालगत दूर जातात. कोल्हापूर किंवा सोलापूरशी बोलायला लहरी जवळपास उभ्या वर जाऊन आयनावरणावरून परत याव्या लागतात. त्यासाठी दोन गच्च्यांमध्ये ताणलेली ४० मीटरची आडवी तार सरस. शेजाऱ्यांची परवानगी मिळाली तर.