सॉल्सबरी येथील आमचा वाढदिवस

वाढदिवस म्हटला म्हणजे घरचीं माणसें, औक्षणाचें तबक, गोडाचें जेवण आणि वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद हें चित्र आपल्याकडे डोळ्यांपुढें उभें राहतें. यंदाचा आमचा वाढदिवस मात्र ब्राह्मणपुरीपासून हजारों मैल दूर, इंग्लंडांतील सॉल्सबरी नांवाच्या एका शांत शहरांत गेला. गतवर्षीं एप्रिलअखेर वयाचीं ५८ वर्षें पुरीं होऊन आम्ही अध्यापनकार्यांतून निवृत्त झालों. आणि लंडन येथें नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलीच्या आग्रहावरून यंदा हा प्रवास घडला. निवृत्त झाल्यापासून एक प्रश्न आमच्या मनांत सलत होता, हें येथें मोकळेपणानें सांगतों. इतकीं वर्षें मुलांस शिकविलें. त्यांतून उभें काय राहिलें? शेतकऱ्यास पीक दिसतें, गवंड्यास भिंत दिसते. शिक्षकास काय दिसतें? सॉल्सबरीस जें पाहिलें त्यानें या प्रश्नास एका प्रकारें उत्तर दिलें, म्हणूनच हा लेख विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या हातीं देत आहों.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावरून आगगाडीनें सुमारें दीड तासांत सॉल्सबरी येतें. आम्ही २७ एप्रिलच्या सायंकाळीं तेथें पोंचलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलीनें औक्षणाची तयारी केली. परंतु उतरलों होतों त्या ठिकाणीं खोलींत ज्योत पेटविण्यास मनाई होती. तेव्हां तिनें तबकांत सुपारी, अंगठी आणि अक्षता घेऊनच ओवाळलें व म्हणाली, "बाबा, दिवा घरीं गेल्यावर आई लावील." इकडे खानदेशांत त्या दिवसांत ऊन नुसतें भाजून काढीत असतें, तेथें आम्हांस लोंकरीचा कोट घालून बाहेर पडावें लागलें!

सॉल्सबरीस ‘कॅथीड्रलचें शहर’ म्हणतात. कॅथीड्रल म्हणजे केवळ मोठें प्रार्थनामंदिर नव्हे. ‘कॅथेड्रा’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आसन. एका विस्तृत प्रांताच्या धर्माध्यक्षाचें, म्हणजे बिशपचें, आसन ज्या मंदिरांत असतें तें कॅथीड्रल. अशा मंदिराभोंवतीं पाठशाळा, ग्रंथालय, बाजारपेठ आणि कारागिरांची वस्ती वाढत जाई. आपल्या शहादें तालुक्यांतील प्रकाशें येथें तापी व गोमाई यांच्या संगमावर केदारेश्वरादि देवालयें आहेत व त्यांच्या आधारानें गांवाचें माहात्म्य वाढलें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ही गोष्ट समजण्यास कठीण जाणार नाहीं. योगायोग असा कीं, सॉल्सबरीच्या परिसरांतही पांच नद्यांचें पाणी एकत्र येतें.

पूर्वीं मात्र हें शहर येथें नव्हतेंच. सुमारें दोन मैल उत्तरेस एक टेंकडी आहे. तिला ‘ओल्ड सेरम’ म्हणतात. तटबंदीच्या आंत एकीकडे राजाचा किल्ला व दुसरीकडे जुनें कॅथीड्रल, अशी तेथील रचना होती. त्या मंदिराचें उद्घाटन १०९२ सालीं झालें आणि अवघ्या पांच दिवसांत वादळानें त्याची मोठी हानि केली. टेंकडीवर वारा अनावर, पाण्याचें दुर्भिक्ष, आणि शिपाई व धर्मगुरु यांचे नित्य खटके. अखेर रिचर्ड पूअर या बिशपानें सर्व बिऱ्हाड खालच्या कुरणांत हालविण्याचें ठरविलें. नवें मंदिर व नवें नगर हीं दोन्हीं बरोबरच आंखलीं गेलीं. रस्ते एकमेकांस छेदणारे, मधें चौकोनी वस्त्या, आणि रस्त्यांतून वाहणारे पाण्याचे पाट अशी ती योजना होती. ते पाट पुढें घाणीनें भरले. १८४९ च्या पटकीच्या सांथीनंतर ते बुजविण्यांत आले. रस्त्यांची आंखणी मात्र आजही तशीच दिसते.

मंदिराच्या इतिहासांत पायाभरणीची तारीख वाचतांच आम्ही क्षणभर थबकलों. २८ एप्रिल १२२०! म्हणजे आमचा वाढदिवस आणि या मंदिराचा वाढदिवस एकच. मुलगी हंसून म्हणाली, "बाबा, हें तुमच्याहून बरेंच वडील आहे, आधीं त्यास नमस्कार करा." तो आम्हीं मनोभावें केला.

मंदिराची मुख्य इमारत ३८ वर्षांत उभी राहिली व १२५८ मध्यें तिचें विधिपूर्वक उद्घाटन झालें. त्या काळीं अशीं मंदिरें बांधण्यास शतकें लागत. म्हणूनच येथील बांधणींत एकाच पद्धतीचा एकसारखेपणा दिसतो. परंतु आज ज्यासाठीं लोक दुरून येतात तें शिखर त्या वेळीं नव्हतें. तें चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चढविलें गेलें. त्याची उंची ४०४ फूट असून ब्रिटनमधील मंदिरशिखरांत तें सर्वांत उंच आहे.

येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडे काळ्या जमिनींत घर बांधावयाचें झालें तर मुरूम लागेपर्यंत खणतात; कारण काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. या प्रचंड मंदिराचा पाया मात्र केवळ सुमारें चार फूट खोल आहे! त्याखालीं गोटे-वाळूचा जाड थर असून तो सदैव पाण्यानें भरलेला असतो. पाणी आहे तोंवर हा थर खचत नाहीं. पाणी आटलें तर मात्र धोका संभवतो. अशा पायावर मागच्या पिढीनें एक मंदिर उभें केलें आणि पुढच्या पिढीनें त्यावर सुमारें साडेसहा हजार टनांचा अधिक भार ठेविला.

या भाराचा परिणाम आंत गेल्यावर डोळ्यांनीं दिसतो. मध्यभागींचे चार मुख्य खांब वजनानें किंचित् वांकलेले आहेत. खांबांच्या पायथ्याशीं उभें राहून वर पाहिलें म्हणजे तो बांक स्पष्ट कळतो व छातींत थोडेसें धस्स होतें. त्यांस आधार देण्यासाठीं मागाहून दगडी कमानी घालाव्या लागल्या. १६६८ सालीं प्रसिद्ध स्थापत्यज्ञ क्रिस्टोफर रेन यानें पाहणी केली, तेव्हां शिखर सव्वादोन फुटांहून थोडें अधिक झुकलेलें आढळलें. त्यानंतरच्या मोजण्यांत हा झुकाव वाढलेला दिसला नाहीं.

मंदिर दाखविण्याचें काम हौसेनें करणारे एक वृद्ध गृहस्थ आम्हांस भेटले. त्यांनीं जमिनींतील एक लहानशी फरशी उचलली, खालच्या भोकांत एक काठी सोडली व ती बाहेर काढून ओली खूण दाखविली. पाया ज्यावर उभा आहे तें पाणी असें वेळोवेळीं मोजून पाहतात. आमच्याकडील शेतकरी रब्बीपूर्वीं विहिरींत दोर सोडून पाणी किती परस आहे तें पाहतो, तसेंच हें. आम्हीं त्यांस त्यांचा पूर्वीचा व्यवसाय विचारला. ते म्हणाले, "मी शाळामास्तर होतों." आम्हीं म्हटलें, "आम्हीही!" मग थोडा वेळ दोघेही नुसतेच त्या काठीकडे पाहत राहिलों.

मंदिराच्या सभागृहांत १२१५ सालची ‘मॅग्ना कार्टा’ ही सनद आहे. जॉन राजाच्या त्या सनदेच्या मूळ प्रतींपैकीं चारच आज उरल्या आहेत; त्यांतील ही एक. कातड्याच्या एका पत्र्यावर बारीक लॅटिन अक्षरांत ती लिहिलेली आहे. कायद्यावांचून कोणाही स्वतंत्र मनुष्यास कैद करूं नये, हें तत्त्व तींत आहे. जवळच १३८६ च्या सुमाराचें मानलें जाणारें लोखंडी घड्याळ आहे. त्यास तबकडी नाहीं. तें फक्त तासांचे ठोके देण्यासाठीं केलेलें होतें. सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं लहान मुलींचें गायन ऐकावयास मिळालें. कित्येक शतकें हें गाणें मुलांकडेच असे. मुलींस इंग्लंडांतील कॅथीड्रलांत असें रीतसर गायकपथक प्रथम येथेंच, १९९१ सालीं, मिळालें.

त्या गायनाच्या वेळीं आम्हांस आपल्या मराठी भाषेची आठवण व्हावी, यास एक कारण होतें. सॉल्सबरी ज्या विल्टशायर परगण्यांत आहे, त्याच परगण्यांतील बुश्टन या खेड्यांत १५४९ च्या सुमारास टॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. हेच आपले फादर स्टीफन्स. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास उतरले आणि पुन्हां मायदेशीं परतले नाहींत. मराठी ते इतकी मन लावून शिकले कीं, दहा हजारांवर ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ त्यांनीं या भाषेंत रचलें व आपल्या काव्यांत मराठीची मुक्तकंठानें स्तुति केली. १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें तो ग्रंथ रोमन लिपींत छापला गेला, आणि तीनच वर्षांनीं, १६१९ मध्यें, ग्रंथकाराचें देहावसान झालें.

पुढें काय झालें तें मुलांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हातानें नकला करणाऱ्या माणसांमुळें. त्यांनीं एकेक ओवी उतरून ठेविली, आणि त्या हस्तलिखितांवरूनच सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापला. त्या नकलाकारांपैकीं बहुतेकांचीं नांवें आपणांस ठाऊकही नाहींत.

सायंकाळीं बाहेरच्या हिरवळीवर बसून आम्हीं हिशेब मांडला. बिशप पूअर १२२८ मध्यें दुसऱ्या प्रांतीं गेला व १२३७ मध्यें वारला. त्यास पुरें झालेलें मंदिर दिसलें नाहीं. ज्यांनीं मंदिर पुरें केलें त्यांस शिखर दिसलें नाहीं. ज्यांनीं शिखर चढविलें त्यांस तें टिकतें कीं नाहीं, हें ठाऊक नव्हतें. तें टिकलें, कारण मागून येणाऱ्यांनीं कमानी घातल्या, झुकाव मोजला, आणि आजही कोणी तरी फरशी उचलून पाणी पाहतो. म्हणजे मोठें काम एका जन्मांत पुरें होतच नसतें. तें घेणारा आणि पुढें देणारा असे दोन हात त्यास सतत लागतात.

शिक्षकाचें कामही असेंच असलें पाहिजे, असें वाटून आमचें मन पुष्कळ हलकें झालें. आम्हीं वर्गांत घातलेला चार फुटांचा पाया पुरेसा होता कीं नाहीं, हें सांगणें आमच्या हातीं नाहीं. त्यावर तुम्ही काय उभें कराल तेंही आम्हांस पाहावयास मिळेलच असें नाहीं. पण अंगणांतली विहीर, आजोबांची वही, शाळेचें ग्रंथालय, आपली भाषा, यांपैकीं जें जें तुमच्या हातीं आलें आहे त्याचें पाणी अधूनमधून मोजीत जा, एवढें मात्र आमचें सांगणें आहे.

अंधार पडण्यास साडेआठ वाजले. मुलीनें एक लहानसा केक आणला होता. तो आम्हीं शिखराकडे पाहत खाल्ला. जून महिन्यांत घरीं परतलों तेव्हां देवाजवळ निरांजन लावून राहिलेलें औक्षण पुरें झालें.