संगणक अचानक बंद पडतो तेव्हा

मार्च महिन्याची अखेर जवळ आली, की लहानमोठ्या संस्थांच्या कार्यालयांत हिशेबाची लगबग सुरू होते. आमच्या परिचयातील एका गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार अशाच एका दुपारी ताळेबंद तयार करीत असताना त्यांचा संगणक कोणतीही सूचना न देता बंद पडला. पुन्हा सुरू केला, तर दहा मिनिटांत बंद. तिसऱ्या खेपेस तो पाच मिनिटेही चालला नाही. दुकानदाराच्या सल्ल्यावरून त्यांनी नवा एसएमपीएस, म्हणजे संगणकातील वीजपुरवठ्याचा संच, बसवून घेतला. दोष कायम राहिला. अखेर संगणकाच्या पेटीचे झाकण उघडले, तेव्हा प्रोसेसरवरील पंख्याखाली धुळीचा जाड थर साचलेला आढळला. तो साफ करताच संगणक दिवसभर विनातक्रार चालू लागला. निदानापूर्वीच उपचार केल्याने खर्च मात्र वाया गेला.

असे बंद पडणे ही पुष्कळदा संगणकाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली कृती असते. ती कोणत्या कारणाने झाली, हे शोधण्यासाठी थोडे निरीक्षण पुरेसे ठरते.

प्रथम माहितीचे रक्षण

यंत्राचा कोणताही भाग बदलता येतो. गेलेले हिशेब पुन्हा उभे करणे कठीण असते. म्हणून संगणक जेवढा वेळ चालू राहील, तेवढ्या वेळात महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी. लिहिणे सुरू असताना वीज गेल्यास फाईल खराब होऊ शकते. त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नये.

केव्हा बंद पडतो?

संगणक कधी व कोणते काम करताना बंद पडला, याची चार-पाच वेळची नोंद कागदावर ठेवावी. तंत्रज्ञाला ती फार उपयोगी पडते. काही मिनिटे चालून बंद पडणे आणि पुन्हा सुरू केल्यास त्याहून लवकर बंद पडणे, हे उष्णतेचे लक्षण होय. कारण आतील धातू अजून तापलेलाच असतो. अर्धा तास थांबल्यावर संगणक अधिक वेळ चालला, तर हा संशय बळावतो. मिक्सर, पंप किंवा फ्रिज सुरू होताच बंद पडत असल्यास दोष विजेच्या बाजूस शोधावा. निळा पडदा क्षणभर दिसून संगणक पुन्हा सुरू होत असल्यास रॅम, हार्ड डिस्क किंवा एखादी सदोष प्रणाली यांकडे पाहावे.

विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद अनेकांना दिसते व ते घाबरतात. संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढाच तिचा अर्थ. कारण ती सांगत नाही.

उष्णता

प्रोसेसरमध्ये तापमान मोजण्याची सोय असते. ते मर्यादेजवळ पोहोचताच तो प्रथम आपला वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही, तर संगणक बंद केला जातो. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेली पेटी उन्हाळ्यात या मर्यादेपर्यंत सहज पोहोचते.

साफसफाईपूर्वी वायर सॉकेटमधून काढावी. मऊ ब्रशने धूळ झाडावी. हवा मारायची असल्यास पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा ठोकळा यांमधील उष्णतावाहक लेप जुन्या संगणकांत वाळून जातो. तो तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावा.

वीजपुरवठा

आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेचे एसएमपीएस १२, ५ व ३.३ व्होल्टच्या प्रवाहांत रूपांतर करतो. यांपैकी एखादा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की तो पुरवठाच थांबवितो. मात्र एसएमपीएस बदलण्यापूर्वी सैल सॉकेट, ढिली वायर व अर्थिंग तपासून घ्यावे. संगणक यूपीएसवर असल्यास सर्व कामे जतन करून यूपीएसची भिंतीकडील वीज बंद करून पाहावी. संगणक लगेच बंद पडला, तर यूपीएसची बॅटरी संपलेली असण्याची शक्यता अधिक. लेझर प्रिंटर बॅटरीच्या सॉकेटला जोडू नये. छपाई सुरू होताना तो एकदम मोठा प्रवाह खेचतो.

एसएमपीएसचे झाकण स्वतः कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक दाबाची वीज काही काळ साठून राहते.

एक साधे कारणही ध्यानात ठेवावे. सुरू-बंद करण्याचे बटण सुमारे चार सेकंद दाबून धरल्यास संगणक सक्तीने बंद होतो. हेच बटण मळाने आत अडकून बसले, तरी परिणाम तोच होतो.

रॅम

वीज बंद करून, हात धातूला लावून शरीरावरील स्थिर वीज घालवावी व रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणीची सोय आहे. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहिल्यास सदोष पट्टी ओळखता येते.

व्यवहार अर्धवट राहिला असेल तर

नेटबँकिंगद्वारे पैसे पाठविताना संगणक बंद पडल्यास तोच व्यवहार लगेच पुन्हा करू नये. आपली सूचना बँकेच्या यंत्रणेपर्यंत पोहोचली असेल, तर आपला संगणक बंद असला तरी व्यवहार पूर्ण होऊ शकतो. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र सुरू आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशीही हाच नियम पाळावा. प्रथम मोबाईलवरील संदेश व खात्याचा तपशील पाहावा. रक्कम वजा झाली असेल, तर व्यवहार क्रमांक टिपून शाखेशी संपर्क साधावा.

दुरुस्तीसाठी संगणक देण्यापूर्वी ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड काढून टाकावेत. ‘तुमचा संगणक बिघडला आहे, आम्ही दुरून दुरुस्त करतो’ असे सांगणारा अनोळखी फोन आल्यास त्याला संगणकाचा ताबा किंवा ओटीपी कदापि देऊ नये.

खजिनदारांच्या टेबलावर आता एक छोटी वही असते. संगणक केव्हा साफ केला, यूपीएसची बॅटरी केव्हा बदलली आणि हिशेबाची प्रत केव्हा घेतली, हे ते तीत लिहून ठेवतात. दर शनिवारी प्रत घेण्यास त्यांना पाच मिनिटे लागतात.