अहवालातील आकड्याला महिन्याची जोड हवी
लिंबूवर्गीय बागांतील सूत्रकृमींचे ऋतुमान आणि व्यवस्थापन

संत्र्याच्या एकाच बागेतील माती मे महिन्यात तपासली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासली, तर दोन अहवालांतील सूत्रकृमींच्या संख्येत मोठी तफावत आढळू शकते. पहिल्या अहवालावरून बाग निर्धोक वाटते, दुसऱ्यावरून ती धोक्यात असल्याचे दिसते. दोन्ही अहवाल बिनचूक असतात. मधल्या काळात जमिनीतील तापमान, ओलावा आणि मुळांची वाढ बदललेली असते व त्यानुसार सूत्रकृमींची संख्याही बदललेली असते. हे ऋतुमान लक्षात न घेता केवळ आकड्यावर निर्णय घेतला, तर उपचार चुकीच्या वेळी होतो किंवा गरज असूनही होत नाही.

मंद ऱ्हासामागील जीव

लिंबूवर्गीय फळझाडांवर जगणारा टायलेन्क्युलस सेमिपेनेट्रान्स हा सूत्रकृमी १९१२ मध्ये कॅलिफोर्नियात आढळला आणि पुढील वर्षी कॉब या शास्त्रज्ञाने त्याचे नामकरण केले. आज तो जगातील बहुतेक लिंबूवर्गीय पट्ट्यांत आहे. भारतात संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू आणि किन्नो या पिकांच्या बागांत त्याचा उपद्रव आढळतो. त्याच्यामुळे झाड एकाएकी मरत नाही. पाने लहान व पिवळसर होतात, शेंड्याकडील फांद्या वाळू लागतात, फळांचा आकार घटतो आणि काही वर्षांत झाड उत्पादनक्षम राहत नाही. म्हणूनच या विकाराला ‘मंद ऱ्हास’ म्हणतात. ही लक्षणे अन्नद्रव्यांची कमतरता, पाण्याचा अयोग्य निचरा किंवा मूळकूज यांमुळेही दिसत असल्याने खरे कारण बराच काळ लपून राहते.

मादी आपल्या शरीराचा पुढील भाग तंतुमुळांच्या सालीत रुतवते. मागील फुगीर भाग मुळाबाहेर राहतो. त्याभोवती ती चिकट द्रव स्रवते आणि त्यात अंडी घालते. या द्रवाला मातीचे कण चिकटून राहतात, त्यामुळे प्रादुर्भावग्रस्त तंतुमुळे जाडसर व मळकट दिसतात आणि झटकूनही स्वच्छ होत नाहीत. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात एक पिढी सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण होते. अनुकूल काळ तीन-चार महिने टिकला, तर त्या अवधीत दोन पिढ्या सहज होतात.

चढउताराची कारणे

सूत्रकृमींच्या वाढीला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: कोवळी तंतुमुळे, वाफसा स्थितीतील माती आणि मध्यम तापमान. मध्य भारतात हा योग साधारणपणे वर्षातून दोनदा जुळतो. आंबिया बहाराचा ताण तोडून पाणी दिल्यावर झाडाला नवती येते, पाठोपाठ नवी मुळे फुटतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सूत्रकृमींची संख्या वाढू लागते. एप्रिल ते जून या काळात मातीचा वरचा थर तापतो व सुकतो, तेव्हा ती घटते. भर पावसाळ्यात भारी काळ्या जमिनीत पाणी साचून हवा खेळत नाही, त्यामुळे वाढ मंदावते. पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दुसरा चढ येतो. उत्तर भारतात कडक थंडीमुळे हिवाळ्यातील उतार अधिक ठळक असतो. जमिनीचा पोत, पाऊसमान आणि धरलेला बहार यांनुसार हे महिने मागेपुढे होतात. म्हणून प्रत्येक विभागाने आपल्या बागांचे ऋतुमान स्वतः नोंदवणे आवश्यक आहे.

उतार म्हणजे नायनाट नव्हे. चिकट आवरणातील अंडी प्रतिकूल काळातही तग धरतात आणि खोल थरांतील मुळांवर सूत्रकृमी टिकून राहतात. झाडाखालील मातीचा काही भाग कोरडा व काही भाग ओला असेल, तर कोरड्या भागातही त्यांना आधार मिळतो, कारण ओल्या भागातून घेतलेल्या पाण्यावर झाड आपली कोरड्या मातीतील मुळे जिवंत ठेवते. फ्लोरिडातील प्रयोगांत असे दिसले, की संपूर्ण मूळक्षेत्र कोरडे पडल्यास सूत्रकृमींना जेवढा आळा बसतो, तेवढा अंशतः कोरड्या मूळक्षेत्रात बसत नाही. त्यामुळे बहारासाठी दिलेल्या ताणाने सूत्रकृमींचा बंदोबस्त होईल, असे गृहीत धरू नये.

उपचाराचे खोटे यश, खोटे अपयश

ऋतुमान विसरल्याने होणारी सर्वांत महागडी चूक उपचारांच्या मूल्यमापनात होते. मार्चमध्ये एखादे औषध दिले आणि मेमध्ये संख्या घटलेली दिसली, तर त्याचे श्रेय औषधाला मिळते. वस्तुतः ती घट उन्हाळ्यामुळे औषधाविनाही झाली असती. याउलट जुलैमध्ये दिलेल्या उपयुक्त उपचारानंतर ऑक्टोबरमध्ये संख्या वाढलेली दिसली, तर तो उपचार निकामी ठरवला जातो. उपचार नसता तर ती आणखी किती वाढली असती, याचा विचार होत नाही. यावर सोपा उपाय आहे. बागेच्या त्याच भागातील, त्याच वयाची काही झाडे खूण करून उपचाराविना ठेवावीत आणि दोन्ही गटांचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकांत ही तुलना अनिवार्य मानावी.

नमुना केव्हा व कसा घ्यावा

नमुना नवती आल्यानंतर, नवी तंतुमुळे उपलब्ध असताना आणि जमीन वाफशावर असताना घ्यावा. वरचा कोरडा थर बाजूला सारून १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवरील माती झाडाच्या विस्ताराखालून घ्यावी. ठिबक असल्यास ओल्या पट्ट्यातून घ्यावी. बागेत दहा ते वीस ठिकाणची माती एकत्र मिसळून त्यातील पाव ते अर्धा किलो माती व मूठभर तंतुमुळे प्लास्टिकच्या पिशवीत बांधावीत. पूर्ण वाळलेल्या झाडाखालून नमुना घेऊ नये. तेथे अन्न संपल्याने सूत्रकृमी कमी आढळतात. खंगू लागलेल्या झाडांखालील नमुना अधिक बोलका असतो. पिशवी सावलीत ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी, कारण नेहमीच्या पद्धतीत जिवंत, हालचाल करणारे सूत्रकृमीच मोजले जातात. चिठ्ठीवर तारीख, बहार, शेवटचे पाणी आणि आधी दिलेले उपचार लिहावेत. मातीबरोबर मुळांवरील माद्यांची मोजणीही मागावी. पुढील वर्षी त्याच महिन्यात पुन्हा नमुना घेतला, तरच तुलना अर्थपूर्ण ठरते.

ऋतूला धरून व्यवस्थापन

उपाययोजना संख्येचा चढ सुरू होण्यापूर्वी करावी. ताण तोडताना किंवा पावसाळ्याच्या आरंभी शेणखत व निंबोळी पेंडीबरोबर पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम यासारखी जैविक बुरशी तंतुमुळांच्या क्षेत्रात मिसळावी. या बुरशीला ओलावा व सेंद्रिय पदार्थ लागतात. तापलेल्या कोरड्या मातीत दिल्यास खर्च वाया जातो. मात्रा आपल्या विभागाच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार ठेवावी आणि रासायनिक औषध वापरायचे झाल्यास त्या पिकासाठी मान्यता असलेलेच वापरावे.

एकदा बागेत शिरलेला सूत्रकृमी समूळ घालवता येत नाही, म्हणून रोपवाटिका हीच संरक्षणाची पहिली फळी होय. एप्रिल-मे मधील कडक ऊन बागेत तात्पुरता उतार आणते. रोपवाटिकेत तेच ऊन प्रभावी साधन ठरते. ओलावलेल्या मातीवर पातळ पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट पसरून ठेवल्यास मातीतील सूत्रकृमी मोठ्या प्रमाणात मरतात. जुन्या बागेखाली किंवा बागेलगत वाढवलेली कलमे टाळावीत आणि खरेदीपूर्वी त्यांची मुळे तपासून घ्यावीत. ही खबरदारी कोणत्याही ऋतूत घेता येते.