जाळ्यातील झाड



प्रथम एका कचेरीत घडलेली गोष्ट सांगतो. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे माझे थोडे जाणे-येणे होते इतकेच. एके दिवशी सकाळी तेथील शिपायाला टेबलाखाली एका निळ्या तारेचे टोक मोकळे लोंबताना दिसले. तार सुटली आहे, कोणाचे तरी काम अडेल, अशा सद्हेतूने त्याने ते टोक जवळच्या खोक्यातील रिकाम्या भोकात बसवून दिले. तारेचे दुसरे टोक आधीपासून त्याच खोक्यात होते, हे त्या बिचाऱ्याला कोठून ठाऊक असणार! थोड्याच वेळात तिन्ही मजल्यांवरील संगणक मुके झाले. पत्रे जाईनात, हिशेब उघडेनात. खोक्यांवरील हिरवे दिवे मात्र एकजात, कधी नव्हे इतक्या जोराने लुकलुकत होते. दुपारपर्यंत एकेक तार उपटून पाहण्याचा उद्योग चालला, आणि ती निळी तार निघताच सारे पूर्ववत् झाले. कोणतेही यंत्र मोडले नव्हते, कोणतीही तार तुटली नव्हती. एक तार जास्त झाली होती, एवढाच काय तो बिघाड.

हे खोके म्हणजे ज्याला स्विच म्हणतात ते. आपल्या भिंतीवरील दिव्याचे बटण नव्हे. कचेरीतील प्रत्येक संगणकाची तार यात येते, आणि एका संगणकाने दुसऱ्यास धाडलेला मजकूर हे खोके योग्य तारेवर सोडते. मजकूर लहानलहान तुकड्यांनी जातो. शास्त्रात त्या तुकड्यास फ्रेम म्हणतात. आपण त्यास पाकीट म्हणू. पाकिटावर धाडणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. कोणत्या दाराने कोणाचे पाकीट आले हे पाहून स्विच आपली वही भरत जातो आणि पुढे त्या वहीप्रमाणे वाटप करतो. घेणाऱ्याचा पत्ता वहीत नसला, किंवा पाकीट ‘सर्वांस’ म्हणून धाडलेले असले, तर ज्या दाराने ते आले तेवढे सोडून बाकी सर्व दारांनी त्याची एकेक प्रत बाहेर टाकतो. दवंडी पिटण्याचीच ही पद्धत.

आता अशी कल्पना करा की चार स्विच आहेत आणि प्रत्येकाला बाकीच्या तिघांकडे जाणारी तार आहे. एकाने दवंडी पिटली. तीन प्रती निघाल्या. प्रत्येक प्रत ज्या स्विचकडे गेली, त्याने आलेले दार सोडून उरलेल्या दोन तारांवर ती पुन्हा धाडली. तिनाच्या सहा झाल्या, सहाच्या बारा. विसाव्या फेरीस हा आकडा ३१ लाखांच्या वर जातो. प्रत्यक्षात तो तेथवर पोचत नाही, कारण त्यापूर्वीच तारा तुडुंब भरतात आणि खऱ्या कामाच्या पाकिटांस वाट उरत नाही. यालाच जाणकार लोक ‘ब्रॉडकास्ट वादळ’ म्हणतात. हे वादळ आपण होऊन शमत नाही. इंटरनेटवर दूर जाणाऱ्या मजकुरावर एक आकडा लिहिलेला असतो. तो प्रत्येक टप्प्यास एकाने कमी होतो आणि शून्य झाला की तो मजकूर फेकून दिला जातो. स्विचमधून फिरणाऱ्या साध्या इथरनेट पाकिटावर असा आयुष्याचा आकडाच नाही. ते चक्रात सापडले की फिरतच राहते.

मग जाळ्यात एकही तार जास्त ठेवू नये, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांनी पावसाळ्यात गावचा एकुलता एक पूल पाण्याखाली गेलेला पाहिला आहे, ते हा सल्ला ऐकणार नाहीत. दुसरा रस्ता हवाच. मात्र पहिला चालू असताना तो बंद हवा. प्रश्न असा की तो बंद कोणी करायचा, आणि वेळ आल्यावर उघडायचा कोणी? रात्री दोन वाजता कोणी माणूस उठून तार लावणार नाही. हे काम स्विचांनीच आपसांत बोलून उरकले पाहिजे.

हा प्रश्न अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत रेडिया पर्लमन या विदुषीने १९८४–८५ च्या सुमारास सोडविला. जाळ्यातील काही तारा निजवून अशी रचना उरवायची, की कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये वाट असेल, पण एकच असेल. गणितात अशा आकृतीस झाड म्हणतात, कारण झाडाच्या फांद्या फुटतात पण पुन्हा एकमेकींस मिळत नाहीत. (आपल्याकडील वडाच्या पारंब्या या गणितज्ञांनी पाहिलेल्या दिसत नाहीत!) झाडाची ही कल्पना जुनीच. १९२६ साली बोरूव्का या चेक गणितज्ञाने मोराव्हिया प्रांतात कमीत कमी तारेत वीज कशी न्यावी याचा विचार करताना तिचा उपयोग केला होता. पण बोरूव्काच्या समोर सबंध नकाशा होता. पर्लमनबाईंच्या स्विचांपाशी नकाशा नाही. प्रत्येकास फक्त आपला शेजारी काय म्हणतो तेवढेच ऐकू येते. नकाशावाचून झाड उभे करायचे, ही खरी मेख होती. हे जमल्याच्या आनंदात बाईंनी त्यावर ‘अल्गोराइम’ नावाची एक कविताही रचली.

स्विच एकमेकांस जे निरोप धाडतात ते अगदी त्रोटक असतात. मुख्य निरोप अवघ्या ३५ बाइटांचा. त्यात महत्त्वाच्या गोष्टी चार: माझ्या मते जाळ्याचे मूळ कोण, त्या मुळापासून मी किती अंतरावर, मी स्वतः कोण, आणि माझ्या कोणत्या दारातून हे बोलत आहे. अंतर फुटांत मोजीत नाहीत. तार जितकी वेगवान तितके ते कमी धरतात. जुन्या कोष्टकाप्रमाणे सेकंदास १० मेगाबिटच्या तारेस १००, शंभराच्या तारेस १९ आणि गिगाबिटच्या तारेस ४.

एक उदाहरण घेऊ. तीन मजले, तीन स्विच, प्रत्येक जोडीत एक गिगाबिटची तार. तळमजल्याचा क्रमांक ३०, मधल्याचा १०, वरच्याचा २०. वीज येताच तिघेही एकच गर्जना करतात: मूळ मीच, माझे अंतर शून्य. पण नियम असा की ज्याचा क्रमांक लहान तो मोठा. मधल्याचा निरोप ऐकताच तळमजला आणि वरचा मजला आपला दावा सोडतात आणि म्हणू लागतात, ‘मूळ १०, माझे अंतर ४.’ कोणाचे मत मोजले नाही, कोणी पंच नेमला नाही, निवडणूक संपली.

आता राहिली तळमजला आणि वरचा मजला यांच्यामधली तार. ती उघडी ठेवली तर त्रिकोण पुरा होऊन चक्र होईल. दोघेही त्या तारेवर सांगतात, ‘मूळ १०, अंतर ४.’ येथवर बरोबरी. मग तिसरी गोष्ट पाहायची: सांगणारा कोण? एक म्हणतो ३०, दुसरा म्हणतो २०. वीसवाला जिंकतो आणि त्या तारेचा कारभारी होतो. तळमजला आपल्या बाजूचे दार मिटून घेतो. लक्षात घ्या, दार एकाच टोकास मिटले आहे, आणि तेही पाकिटांपुरते. निरोप ऐकण्यापुरता त्या दाराला कान ठेवलेला आहे.

यापुढे मूळ स्विच दर २ सेकंदांनी एक निरोप सोडतो आणि बाकीचे तो पुढे पोचवितात. तळमजला ते मिटल्या दारामागून ऐकत राहतो. मधल्या मजल्याकडची त्याची तार तुटली, की तो हे दार उघडतो; त्याचे मुळापासूनचे अंतर आता ८ होते. मात्र तो दार एकदम उघडत नाही. आधी १५ सेकंद नुसते निरोप ऐकतो, मग १५ सेकंद कोण कोठे आहे हे वहीत टिपतो, आणि मगच पाकिटे सोडू लागतो. तार उघड तुटलेली दिसत नसून निरोप मात्र थांबले असतील, तर त्याआधी २० सेकंदांपर्यंत वाट पाहणे आले. म्हणजे सारे मिळून ५०. उतावीळ माणसास हा वेळ फार वाटेल. पण जाळ्याच्या एका कोपऱ्यातील बातमी दुसऱ्या कोपऱ्यास पोचण्याआधी दार उघडले, तर पलीकडचे जुने दारही अजून उघडेच असावयाचे, आणि मग वादळ आलेच. बंद दाराने थोडा वेळ काम थांबते. उघड्या दाराने सर्वांचेच थांबते.

या रचनेतील नाजूक जागा मला वाटते ती अशी. मिटलेले दार उघडावे की नाही हे निरोपावरून नव्हे, निरोपाच्या अभावावरून ठरते. शेजारी गप्प झाला, म्हणजे तो उरला नाही, असा अर्थ काढला जातो. पण गप्प बसण्याची कारणे अनेक असतात. काचतंतूच्या तारेत जाण्याचा एक धागा आणि येण्याचा एक धागा असतो. यांपैकी एकच तुटला तर शेजारी बोलत असतो, पण आपल्यास ऐकू येत नाही. किंवा शेजाऱ्याचा मेंदू इतर कामाने इतका गांजलेला असतो की निरोप धाडण्यास त्यास सवड होत नाही. दोन्ही प्रसंगी मिटलेले दार उघडते आणि ज्या संकटासाठी हा सारा खटाटोप केला तेच ओढवते. वादळ आले की स्विच आणखी गांजतात, निरोप आणखी गळतात, आणखी दारे उघडतात. पुढे कंपन्यांनी यावर पहारे बसविले, ते या अनुभवानंतरच.

नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या बेथ इझरायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे कोसळले आणि कित्येक दिवस सावरेना. तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, सारे संगणकावरून चालत असे. ते बंद पडले तेव्हा डॉक्टर आणि परिचारिका कागदावर आल्या, आणि चिठ्ठ्या हातोहात न्याव्या लागल्या. तरुण डॉक्टरांपैकी कित्येकांना कागदावर हे कधी करावेच लागले नव्हते. वर जे सेकंद सांगितले ते बसविताना असे गृहीत धरलेले आहे की जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातांहून अधिक स्विच लागू नयेत. रुग्णालयाचे जाळे तुकड्यातुकड्याने वाढत गेले होते आणि ही मर्यादा ओलांडून बसले होते. घराला खोल्या जोडत जावे आणि पायाकडे कोणी पाहू नये, तसाच हा प्रकार.

पन्नास सेकंदांची ही वाट पुढे कमी झाली. २००१ साली ठरलेल्या जलद पद्धतीत शेजारी नुसते घड्याळ पाहात बसत नाहीत, विचारतात. एक म्हणतो, ‘या तारेचा कारभार मी पाहतो, चालेल काय?’ दुसरा आपली पुढची दारे क्षणभर मिटून घेतो आणि मगच म्हणतो, ‘चालेल.’ पुढच्याशी तोच व्यवहार. असे करीत बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आत सारे स्थिरस्थावर होते. शिवाय यात प्रत्येक स्विच स्वतःच निरोप बोलतो, आणि लागोपाठ तीन चुकले, म्हणजे ६ सेकंद गेले, की शेजारी गेला असे मानतात.

क्रमांकाविषयी एक गोष्ट राहिली. त्याचे दोन भाग असतात: पुढे मानाचा आकडा, तो कारखान्यातून बहुधा ३२७६८ असा येतो, मागे कारखान्यानेच दिलेला पत्ता. मानाचा आकडा कोणी बदलला नाही तर सगळ्यांचा सारखाच राहतो, मग पत्त्यावर निकाल लागतो. जुन्या यंत्रांचे पत्ते पुष्कळदा लहान असतात. त्यामुळे कपाटामागे धूळ खात पडलेला, सर्वांत जुना आणि मंद स्विच साऱ्या कचेरीचे मूळ होऊन बसतो, आणि वेगवान तारा बाजूला राहून सगळी वर्दळ त्याच्या दाराशी लोटते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मंडळींना हे अपरिचित वाटणार नाही. उपाय सोपा आहे: चांगल्या स्विचचा आकडा हाताने लहान करून ठेवावा. पण हे निरोप मुळात कोणाचीही ओळख विचारीत नाहीत. बाहेरच्याने शून्य आकड्याचा खोका आणून भिंतीत जोडला तर तोही मूळ होऊ शकतो, म्हणून माणसांच्या बाजूच्या दारांवर असले निरोप आले की ते दार बंद करण्याची सोय ठेवतात.

राहता राहिली निजलेल्या तारांची तक्रार. पैसे मोजून घातलेली तार बारा महिने झोपून राहावी, हे हिशेबनिसास पटत नाही, आणि खुद्द पर्लमनबाईंसही ते पटले नाही. त्यांनी पुढे काही सहकाऱ्यांसह ‘ट्रिल’ नावाची दुसरी पद्धत मांडली. तिचा मूळ मसुदा २०११ साली प्रसिद्ध झाला. तीत नेहमीच्या वाटपासाठी स्विच सबंध जाळ्याचा नकाशा जवळ बाळगतात आणि जवळच्या सर्व वाटा वापरतात. आणि तेथे पाकिटाला एक वेष्टन घालून त्यावर तो आयुष्याचा आकडा, जो साध्या इथरनेटवर कधी नव्हताच, लिहिलेला असतो.