‘अंकल’ शब्दाची कुळकथा

मराठींत बापाचा भाऊ काका, आईचा भाऊ मामा, मावशीचा नवरा मावसा आणि आतेचा नवरा आतोबा. नातीं चार, नांवेंहि चार. इंग्रजांस मात्र या चौघांसाठीं एकच शब्द पुरतो. तो म्हणजे ‘अंकल’. हा शब्द आतां आपल्या घरोघरीं मुलांच्या तोंडीं बसला आहे. तेव्हां त्याची कुळकथा वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

या शब्दाचें मूळ लॅटिन ‘अव्हुंकुलुस’. त्याचा अर्थ केवळ मामा. अक्षरशः पाहिल्यास ‘लहान आजोबा’. काकासाठीं रोमन लोकांचा ‘पात्रुउस’ हा निराळा शब्द होता, आणि त्यांच्या वाङ्मयांत हा काका कडक बोलण्याबद्दल प्रसिद्ध आहे. जुन्या इंग्रजींतहि मामा ‘एआम’ आणि काका ‘फॅदेरा’ असा भेद होता. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यांच्या फ्रेंच भाषेंतून ‘अंकल’ आला आणि पुढें दोन्ही देशी शब्द मागें पडले.

नात्याची खूण पुसली गेली, तसा हा शब्द मोकाट सुटला. फ्रान्सिस ग्रोस यानें १७८५ सालीं बाजारू इंग्रजीचा कोश छापला. त्यांत वस्तु ‘माझ्या अंकलकडे’ आहे म्हणजे ती गहाण पडली आहे, असा अर्थ दिला आहे. गरजू मनुष्य सावकाराचें दार ठोठावतो आणि लाज झांकण्यासाठीं नातलगाचें नांव पुढें करतो! फ्रेंच लोक अशा वेळीं आत्या-मावशीचें नांव घेत. ‘डच अंकल’ म्हणजे तोंडावर खरमरीत उपदेश करणारा. ‘बॉब तुझा अंकल’ म्हणजे ‘झालेंच काम!’ लॉर्ड सॉल्सबरी यांचें नांव रॉबर्ट, घरगुती रूप बॉब. त्यांनीं १८८७ सालीं आपला भाचा आर्थर बालफोर यास आयर्लंडचा मुख्य सचिव नेमलें, त्यावरून हा वाक्प्रचार निघाला असें सांगतात. कथा चटकदार खरी. परंतु वाक्प्रचार छापांत आढळतो तो विसाव्या शतकांत.

अमेरिकेंत झोंबाझोंबींत खालीं दाबलेल्या पोराकडून ‘अंकल’ म्हणवून घेतात; तें म्हटलें कीं शरणागति. १९८५ सालीं अध्यक्ष रेगन यांनीं निकाराग्वाच्या सरकाराविषयीं हाच वाक्प्रचार वापरला. ‘अंकल सॅम’ म्हणजे तर खुद्द अमेरिकेचें सरकार.

याच देशांत या शब्दास एक काळी बाजूहि आहे. दक्षिणेकडील गोरे लोक वृद्ध कृष्णवर्णीय गुलामास ‘अंकल’ म्हणत. वरवर त्यांत माया दिसे. परंतु ‘मिस्टर’ हें मानाचें पद त्यास द्यावयाचें नसे, हें त्यांतलें मर्म. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ सालच्या कादंबरींतील ‘अंकल टॉम’ हें नांव पुढें लाचार मनुष्यास द्यावयाची शिवी झालें. ‘अंकल बेन्स’ या नांवाचा तांदूळ विकणाऱ्या कंपनीनें तें नांव बदलण्याचें २०२० सालीं जाहीर केलें. नात्याच्या शब्दानें मान देतां येतो, तसा नाकारतांहि येतो.

आपल्याकडे ‘अंकल’ शब्दाचा अर्थ याच्या अगदीं उलट झाला. अनोळखी वडील माणसास नुसत्या नांवानें हांक मारूं नये म्हणून मूल ‘अंकल’ म्हणतें. त्यांत आदरच आहे. शिवाय आपली मराठी तरी कोठें सोंवळी आहे? फसविणें म्हणजे ‘मामा बनविणें’, आणि चौकांतला पोलीसहि ‘मामा’च! तेव्हां आगगाडींतल्या सोबत्यास मुलानें ‘अंकल’ म्हटलें तर आमची तक्रार नाहीं.

घरांतला हिशेब मात्र निराळा आहे. लग्नांत मुलीस बोहल्यापर्यंत आणतो तो मामा. तें काम इतरांचें नव्हे. नांव गेलें कीं असे मान आणि त्यांसोबतचीं कर्तव्येंहि पुसट होतात. मावसा व आतोबा यांस आपण हल्लीं बहुधा ‘काका’च म्हणतों, म्हणजे चारांतले दोन शब्द आपल्या हातून निसटलेच. मामा सांगावयाचा झाल्यास इंग्रजास आज ‘आईकडचा अंकल’ असें म्हणावें लागतें. उरलेले दोन शब्द राखावयास आपणांस कोश नको कीं शाळा नको. मामा दारांत आला असतां मुलानें त्यास ‘मामा’ म्हणून हांक मारावी, एवढेंच पुरे.