आरएनएच्या घड्या आणि विषाणूची प्रतिकृती

टोमॅटोच्या रोपाची वाढ खुंटवून त्याला झुडपासारखे करून टाकणाऱ्या ‘टोमॅटो बुशी स्टंट’ विषाणूचा जनुकसंच म्हणजे सुमारे ४,८०० न्यूक्लिओटाइडांचा, अर्थात ए, यू, जी, सी या चार रासायनिक अक्षरांचा, एकेरी आरएनए धागा असून त्यातून अवघी पाच प्रथिने तयार होतात. यात एक मूलभूत पेच आहे: प्रथिने घडवणारे रायबोसोम धागा ज्या दिशेने वाचतात, त्याच्या उलट दिशेने प्रतिकृती करणारे विकर चालते, त्यामुळे दोन्ही कामे एकाच वेळी सुखासुखी होऊ शकत नाहीत.

तोडगा धाग्याच्या घडणीतच आहे. त्याची शेवटची पाच अक्षरे, एजीसीसीसी, थोड्या अलीकडच्या एका घडीतील पूरक अक्षरांशी जोडी जमवतात, आणि विकराला सुरुवातीसाठी लागणारे टोकच झाकले गेल्याने प्रतिकृती थोपते. या घडीला ‘प्रतिकृती-रोधक’ म्हणतात. याच धाग्यावरील दुसरी एक घडी, जिच्यात दोन सी समोरासमोर असूनही जुळत नाहीत, विषाणूचे पी-३३ प्रथिन अचूक ओळखते आणि आरएनएला पेशीतील पटलांवरील प्रतिकृतीस्थळी पोचवते. सर्वांत उद्बोधक निष्कर्ष असा, की रोधकाची जोडी मोडल्यास परीक्षानळीत प्रतिकृती वाढते, परंतु जिवंत पेशींत विषाणूचा आरएनए उलट कमी साठतो.