लाखनीहून पुणे : दौरा की नुसती हजेरी?

प्राप्तिकर अधिनियम १९६१ ची जागा १ एप्रिल २०२६ पासून घेणाऱ्या २०२५ च्या अधिनियमाविषयी जे लिहिले-बोलले गेले, त्यात 'करवर्ष' ही नवी संज्ञा, कलमांची घटलेली संख्या आणि सोपी झालेली भाषा यांचीच चर्चा अधिक झाली. महासाथीनंतर लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी राहून पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कंपनीचे काम करणाऱ्या नोकरदाराचा प्रश्न या चर्चेत फारसा आला नाही. कंपनीने बोलावले म्हणून महामार्गाने भंडारा, तेथून वरठीचे भंडारा रोड स्थानक आणि पुढे गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस असा प्रवास करून तो पुण्यात चार दिवस राहिला आणि कंपनीने त्याचे पैसे दिले, तर ती रक्कम खर्चाची भरपाई ठरते की पगाराचाच भाग, हा तो प्रश्न होय.

वेतनदार करदात्याला व्यावसायिकाप्रमाणे प्रत्यक्ष खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्याला मिळते ती प्रमाणित वजावट, म्हणजे खर्चाचा हिशेब न विचारता दिलेली ठोक सूट, जी नव्या करप्रणालीत ७५ हजार आणि जुन्या प्रणालीत ५० हजार रुपये आहे. घर ते कार्यालय अशी रोजची ये-जा करण्यासाठी दरमहा १,६०० रुपयांपर्यंत करमुक्त असलेला वाहतूक भत्ता २०१८ च्या अर्थसंकल्पाने बंद करून या ठोक वजावटीत विरवून टाकला आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी तेवढा तो दरमहा ३,२०० रुपयांपर्यंत शिल्लक राहिला. याउलट दौऱ्याचा प्रवासखर्च, नियमित कामाच्या ठिकाणापासून दूर असताना होणाऱ्या दैनंदिन खर्चाचा भत्ता आणि कामाच्या ओघात कराव्या लागणाऱ्या फिरतीचा वाहनभत्ता हे जुन्या नियमावलीतील नियम २बीबीने, प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरते, करमुक्त ठेवले होते. रजा-प्रवास सवलतीसारख्या अनेक सवलतींवर पाणी सोडायला लावणाऱ्या नव्या करप्रणालीतही ही सूट टिकली. सारे काही अवलंबून आहे ते 'नियमित कामाचे ठिकाण' या शब्दांवर: ते लाखनी असेल तर पुण्याची फेरी हा दौरा ठरतो, आणि ते पुणे असेल तर तीच फेरी म्हणजे फार लांबून केलेली, पण रोजच्यासारखीच, कार्यालयातली हजेरी ठरते.

हा शब्दच्छल वाटू नये म्हणून एक हिशेब मांडणे आवश्यक आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करसवलतीने शून्य कराचे केले, त्यामुळे प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाख रुपये पगार असणाऱ्याला कर द्यावा लागत नाही. अशा कर्मचाऱ्याला कंपनीने वर्षभरात पुण्याच्या फेऱ्यांपोटी ६० हजार रुपये दिले आणि ते पगारात धरले गेले, तर उत्पन्न १२ लाख ६० हजारांवर जाते. टप्प्यांनुसार कर ६९ हजार होतो, सीमांत सवलतीमुळे, म्हणजे मर्यादेवरच्या उत्पन्नापेक्षा कर जास्त असू नये या तरतुदीमुळे, तो ६० हजारांवर येतो आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून एकूण ६२,४०० रुपये भरावे लागतात. रेल्वेला आणि लॉजमालकाला आधीच देऊन झालेले पैसे सरकारला पुन्हा एकदा, वर २,४०० रुपयांसह, देण्याची ही पाळी केवळ नियुक्तिपत्रातील एका ओळीच्या अभावी येऊ शकते. पगार याहून बराच कमी असेल तर कर मुळातच शून्य असतो आणि मग प्रश्न कराचा न राहता भाडे कोणी भरायचे एवढाच उरतो.

हा पेच नवा आहे असे माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात समजले जाते, ते मात्र खरे नाही. औषध कंपन्यांचे वैद्यकीय प्रतिनिधी, ज्यांना सर्वत्र 'एमआर' म्हणतात, हे भारतातील घरून काम करणारे जुने पगारदार होत. जिल्ह्याच्या गावी बहुधा कंपनीचे कार्यालय नसतेच, औषधांचे नमुने घरी येतात आणि सकाळी बॅग उचलून निघायचे ते थेट डॉक्टरांच्या दारात. त्यांच्या व्यवहारात प्रत्येकाला एक 'हेडक्वार्टर' ठरवून दिलेले असते, जाऊन त्याच दिवशी परत येण्याच्या गावाला 'एक्स-स्टेशन' आणि मुक्काम करावा लागणाऱ्या गावाला 'आउटस्टेशन' म्हणतात, आणि तिन्हींचा दैनिक भत्ता वेगळा असतो. भंडारा हेडक्वार्टर असलेल्या प्रतिनिधीला लाखनीची फेरी कोणत्या रकान्यात भरायची याचा विचार करावा लागत नाही. या वर्गासाठी १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचारी अधिनियम झाला आणि त्याने विहित नमुन्यातील नियुक्तिपत्र बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सँडोझ कंपनीच्या प्रकरणात हे प्रतिनिधी औद्योगिक विवाद अधिनियमातील 'कामगार' नाहीत असे ठरवले खरे, तरी आपले ठाणे कोणते याबाबत त्यांची स्थिती आजच्या संगणक अभियंत्यापेक्षा स्पष्ट राहिली. सरकारी कर्मचाऱ्याचेही तेच: 'मुख्यालय' ठरल्याशिवाय त्याचे टीए बिल पुढे सरकत नाही. टीए बिलाची चेष्टा करण्याची रीत जुनी आहे, परंतु ज्या प्रश्नावर बड्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग अडखळतात तो तालुक्याच्या लिपिकाने कधीच सोडवलेला आहे, हे मान्य करावे लागते.

ठाणे कोणते हे लिहून ठेवणे पुरेसे नसून ते कोणाच्या सोयीने ठरले हेही पाहिले जाते, हे परदेशी न्यायालयांच्या निकालांवरून ध्यानात येते. इंग्लंडमध्ये १९५२ साली न्यूसम या बॅरिस्टरने, आपण व्हिप्सनेड येथील घरीही पुष्कळ काम करतो म्हणून तेथून लंडनच्या लिंकन्स इन येथील कचेरीपर्यंतचा प्रवास हा व्यवसायाचाच खर्च आहे, असा दावा केला; न्यायाधीश डेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो फेटाळला, कारण त्यांच्या मते तो प्रवास व्यवसायामुळे नव्हे, तर घर व्हिप्सनेडला असल्यामुळे करावा लागत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी, १९४६ मध्ये, नोकरी मोबाईल शहरात आणि बिऱ्हाड जॅक्सनला असलेल्या फ्लॉवर्स नावाच्या वकिलाला हेच ऐकवले होते. मात्र १९७१ मध्ये हॉर्टन या गवंड्याचे प्रकरण इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे आले, तेव्हा निकाल उलट लागला. तो आज या बांधकामावर तर पुढल्या महिन्यात दुसऱ्या बांधकामावर जाणारा, हत्यारे आणि हिशेबाची वही घरीच ठेवणारा कारागीर असल्याने त्याचे घर हेच त्याच्या धंद्याचे ठाणे मानून प्रवासखर्च मंजूर झाला. पीठावर हेच डेनिंग होते. हे निकाल भारतात बंधनकारक नाहीत, आणि न्यूसम व हॉर्टन तर पगारदारही नव्हते. तरीही त्यांतील कसोटी लाखनीला चपखल लागू पडते. पुण्यातील खोलीचे भाडे वाचावे म्हणून स्वखुशीने गावी परतलेला कर्मचारी बॅरिस्टरच्या बाजूला जातो. नागपूरची शाखा बंद करून कंपनीने ज्याला 'यापुढे घरूनच काम करा' असे लेखी कळवले तो गवंड्याच्या बाजूला.

कंपन्यांचे वर्तन येथे पुरेसे सरळ नाही, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. घरून काम करण्याची मुभा तोंडी किंवा ई-मेलने द्यायची, नियुक्तिपत्रात कामाचे ठिकाण 'पुणे' तसेच ठेवायचे, आणि नंतर महिन्यातून आठवडाभर कार्यालयात येण्याचा फतवा काढायचा, ही रीत कंपनीचा खर्च वाचवते आणि कराची जोखीम कर्मचाऱ्याच्या माथी मारते. काही ठिकाणी फेरी होवो न होवो, दरमहा ठरावीक 'प्रवास भत्ता' पगारपत्रकात दाखवला जातो. प्रत्यक्ष खर्चाशी त्याचा संबंध नसल्याने तो सरळ करपात्र आहे, नाव काहीही असो. दौऱ्याला जोडून सुट्टी घेतल्यास वाढीव मुक्कामाचा जो खर्च कंपनी उचलते, तोही सुखसोय म्हणून पगारात मोजला जातो.

हे सुधारण्याची संधी सध्या आहे, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे आवश्यक केले असून वेतनाची नवी व्याख्या बसवण्यासाठी कंपन्या तसेही पगाराची फोड पुन्हा करीत आहेत. त्या व्याख्येतून वाहनभत्ता वगळलेला आहे, मात्र वगळलेल्या सर्व रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तर वरची रक्कम वेतनात परत मिळवली जाते. याच संहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत एक मोठी विसंगती दडलेली आहे: राहत्या घरातून कामाच्या ठिकाणी जाताना किंवा काम संपवून घरी परतताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, नोकरीच्या ओघातच घडला असे ती मानते. म्हणजे पुण्याच्या हजेरीसाठी निघालेल्या लाखनीकराला महामार्ग ५३ वर अपघात झाला, तर भरपाईच्या कायद्याला तो कामावर होता असे म्हणता येईल, आणि त्याच दिवसाचे तिकीट प्राप्तिकराच्या लेखी त्याचा खासगी खर्च राहील.